सिबिल बघायला बाराशे आणि ‘सुधारायला’ सहा हजार?

प्रश्न: मी ३६ वर्षांची, मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. हातात ३८ हजार येतात. मिस्टर पवईतल्या एका कंपनीत आहेत, त्यांना २७ हजार मिळतात. भांडुपला भाड्याने राहतो. दसऱ्याला बदलापूरला वन बीएचके बुक करायचा विचार आहे, ३० लाखांचं कर्ज लागेल. ओळखीच्या एका कर्ज एजंटाने मिस्टरांकडून ओटीपी घेतला आणि स्वतःच्या मोबाइलवर त्यांचा स्कोर ६४२ दाखवला. ‘सहा हजार द्या, दीड महिन्यात साडेसातशेच्या वर नेतो’ म्हणाला. शिवाय दर महिन्याला स्कोर बघता यावा म्हणून बाराशे रुपयांचं वर्षाचं सब्स्क्रिप्शन घ्यायला सांगतोय. माझ्या पेमेंट अ‍ॅपवर माझा स्कोर ७७१ दिसतो, पण असले फुकटचे स्कोर बँक मानत नाही म्हणे. मिस्टरांची नोकरी लॉकडाऊनमध्ये गेली होती, तेव्हा क्रेडिट कार्डाचे ४८ हजार थकले आणि २५ हजारांत सेटलमेंट केली. मी दिरांच्या रिक्षाच्या कर्जाला जामीन आहे. माझं पतपेढीचं कर्ज मात्र एकही हप्ता न चुकवता फेडलंय. एजंटाला पैसे देऊ का? स्कोर बघायचा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग कोणता?

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. सहा हजार देऊ नका. बाराशेही आत्ता देऊ नका. मिस्टरांच्या कार्डाच्या ४८ मधून २५ गेले तर उरतात २३ हजार. ते भरायची तयारी मात्र ठेवा. या सगळ्या प्रकरणात खर्च करण्यासारखी तेवढी एकच रक्कम मला दिसते.

आपण सगळेच सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण आपल्या कर्जांची नोंद ठेवून त्यावरून स्कोर काढणाऱ्या कंपन्या भारतात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींना रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे आणि २००५च्या कायद्याखाली त्या चालतात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ जानेवारी २०१७पासून या चौघींपैकी प्रत्येकीने प्रत्येक कर्जदाराला दर कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण रिपोर्ट, स्कोरसकट, फुकट द्यायचा आहे. म्हणजे वर्षाला तुमचे चार आणि मिस्टरांचे चार असे आठ रिपोर्ट तुमच्या हक्काचे आहेत. कॅलेंडर वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. या वर्षीचा काढला नाही तर तो पुढच्या वर्षी जोडून मिळत नाही.

या फुकट रिपोर्टचा गाजावाजा होत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर गेलात की मोठ्या रंगीत चौकटीत पैशांचे प्लॅन दिसतात आणि फुकटचा पर्याय बारीक अक्षरात कुठेतरी कोपऱ्यात असतो. तो शोधायचा. नाव पॅनवर आहे तसंच लिहायचं. पॅन नंबर, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर दिला की ओटीपी येतो. कधीकधी जुन्या कर्जाबद्दल एखादा प्रश्न विचारतात, ओळख पटवायला. मध्येच पुन्हा प्लॅन घेण्याचा आग्रह होतो, तिथे नकार देऊन पुढे जायचं. फुकट रिपोर्टसाठी डेबिट किंवा क्रेडिट कार्डाचा नंबर लागत नाही. तो मागितला गेला तर तुम्ही पैशांच्या प्लॅनवर तरी आला आहात किंवा भलत्याच वेबसाइटवर तरी. म्हणून गूगलवर ‘फ्री सिबिल’ शोधून वरच्या जाहिरातीवर बोट ठेवू नका. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा आणि स्पेलिंग एकदा नीट बघा. बँकेत दिलेला नंबर जुना असेल तर ओटीपी येणार नाही. अशा वेळी ओळखपत्र आणि पत्त्याच्या पुराव्याच्या प्रती जोडून अर्ज करता येतो. थोडे दिवस जास्त लागतात, पण काम होतं.

आता तुमच्या अ‍ॅपवरच्या ७७१ बद्दल. तो आकडा अ‍ॅपने मनाने काढलेला नसतो. तुमच्या संमतीने या चारपैकी एका कंपनीकडून तो घेतलेला असतो. स्कोरच्या खाली किंवा बाजूला बारीक अक्षरात कंपनीचं नाव आणि तारीख असते, ती बघा. एका ठिकाणी ७७१ आणि दुसऱ्या ठिकाणी ७५० दिसलं तर घाबरू नका. प्रत्येक कंपनीची मोजणीची पद्धत वेगळी आहे, आणि बँकांची माहिती सगळीकडे एकाच दिवशी अपडेट होत नाही. बँक कर्ज देताना आपला रिपोर्ट स्वतः मागवते हे खरंच आहे, पण त्यामुळे अ‍ॅपवरचा स्कोर खोटा ठरत नाही. महिन्याकाठी तब्येत बघायला तो पुरेसा आहे. बहुतेक मोठ्या बँकांच्या मोबाइल अ‍ॅपमध्येही स्कोर फुकट दिसतो, आणि मला स्वतःला तो मार्ग जास्त बरा वाटतो, कारण बँकेकडे तुमचा पॅन आणि केवायसी आधीच आहे, नव्या कुणाला काही द्यावं लागत नाही. बाकीची अ‍ॅप्स स्कोर फुकट देतात ते त्यांना तुम्हाला पर्सनल लोन आणि कार्ड विकायचं असतं म्हणून. त्याबद्दल माझी तक्रार नाही, फक्त फोन येऊ लागले की त्याचं कारण तुम्हाला माहीत असावं. एक किंवा दोन अ‍ॅप्स ठेवा, उरलेल्यांमध्ये दिलेली संमती रद्द करा.

आपला स्कोर आपणच बघितल्याने तो कमी होत नाही. ही भीती इतकी पसरली आहे की लोक वर्षानुवर्षं रिपोर्ट काढत नाहीत. स्कोरवर परिणाम होतो तो तुम्ही कर्जाचा अर्ज केल्यावर बँकेने केलेल्या चौकशीचा, आणि त्यातही थोड्या दिवसांत बऱ्याच चौकशा झाल्या तर जास्त. इथे मला तुमच्या एजंटाची खरी काळजी वाटते. त्याने मिस्टरांकडून ओटीपी घेतला. नुसता स्कोर काढला असेल तर ठीक. पण उद्या पॅन, आधार आणि पगाराच्या स्लिपा हातात आल्यावर तो एकाच आठवड्यात चार-पाच ठिकाणी फाइल लावू शकतो. त्या प्रत्येकीची नोंद रिपोर्टमध्ये ‘एन्क्वायरी’ या भागात बँकेचं नाव, तारीख आणि रकमेसह बसते. मिस्टरांचा रिपोर्ट काढलात की सगळ्यात आधी तोच भाग उघडा. तुम्ही अर्ज केलेला नसताना एखाद्या बँकेचं नाव दिसलं तर एजंटाला आणि त्या बँकेला लगेच लेखी विचारा.

आणि ६४२? तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या तारखेचा, हे एजंटाने सांगितलेलं नाही. रिपोर्टही दिला नाही. नुसता आकडा दाखवून घाबरवणं सोपं असतं. तो आकडा खरा असेलही, पण रिपोर्ट हातात आल्याशिवाय त्यावर एक रुपयाही खर्च करू नका.

रिपोर्टमध्ये मिस्टरांच्या कार्डाची ओळ शोधा. बँकेचं नाव, खातं कधी उघडलं, कमाल मर्यादा, थकबाकी अशी माहिती असेल आणि त्याखाली महिन्यांच्या चौकटींची रांग. प्रत्येक चौकटीत तीन आकडे असतात. ‘०००’ म्हणजे त्या महिन्यात काही थकलेलं नव्हतं. ‘०३०’, ‘०६०’ म्हणजे हप्ता तितके दिवस उशिरा. इंग्रजी ‘एक्स’ तीनदा असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलेली नाही. आणि खात्याच्या स्थितीसमोर बहुधा ‘सेटल्ड’ लिहिलेलं असेल. तुमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ ‘प्रकरण मिटलं’ असा आहे. कर्ज देणारा अधिकारी त्याचा अर्थ ‘या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत’ असा घेतो. याच जागी ‘राइट-ऑफ’, म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं, असं लिहिलेलं असेल तर ते आणखी जड.

ही नोंद खरी आहे, म्हणून ती कुणीही पुसू शकत नाही. एजंट नाही, सिबिलमधला कुणी ‘आतला माणूस’ नाही. कंपनी स्वतःहून एक अक्षर बदलू शकत नाही, बँकेने कळवलं तरच बदल होतो. आणि कायद्याने ही माहिती किमान सात वर्षं जपून ठेवायची आहे. सहा हजारांत हे लोक करतात काय, तर दिसेल त्या नोंदीवर ऑनलाइन तक्रार टाकतात. ही तक्रार करायला एक पैसाही लागत नाही, ती तुम्ही घरी बसून करू शकता. नोंद खरी असली की बँक ‘माहिती बरोबर आहे’ असं कळवते, तक्रार बंद होते आणि सहा हजार गेलेले असतात.

करता येण्यासारखं काम वेगळं आहे. कार्ड देणाऱ्या बँकेला पत्र लिहा, की सेटलमेंटमध्ये सोडलेली उरलेली रक्कम आम्ही भरायला तयार आहोत, ती भरल्यावर खातं ‘क्लोज्ड’ म्हणून चारही कंपन्यांना कळवाल का आणि नो ड्यूज, म्हणजे काही येणं बाकी नाही असा दाखला, देणार का. उत्तर लेखी घ्या, ईमेल चालेल. उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका. बँकेने ती थकबाकी दुसऱ्या एखाद्या कंपनीला विकलेली असू शकते, तेव्हा पैसे नेमके कुणाला द्यायचे हेही विचारा. वसुलीवाल्याच्या वैयक्तिक यूपीआयवर तर मुळीच भरू नका. रक्कम २३ हजारच असेल असंही धरून चालू नका, बँक व्याज धरून जास्त सांगू शकते. खूप जास्त सांगितली तर घासाघीस करा.

हे करणं परवडतं का, याचा हिशेब घालू. तुमच्या एकट्या पगारावर ३० लाखांचं कर्ज बसत नाही. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण २६,०३५ रुपये येतो. ३८ हजारांतून एवढा हप्ता गेला तर घर चालणार नाही आणि बँकही मान्य करणार नाही. दोघांचा मिळून पगार ६५ हजार, त्यात हप्ता चाळीस टक्के होतो, ते जमतं. म्हणजे मिस्टरांना सहकर्जदार घ्यावंच लागेल आणि बँक त्यांचाही रिपोर्ट बघणार. अनेक बँका गृहकर्जाचा दर स्कोरप्रमाणे कमीजास्त ठेवतात. समजा चांगल्या रिपोर्टमुळे तुम्हाला साडेआठऐवजी आठ टक्के दर मिळाला, तर हप्ता २५,०९३ होतो. महिन्याला ९४२ रुपये वाचतात, वीस वर्षांत सव्वादोन लाख. २३ हजार दोन वर्षांत जवळजवळ वसूल. अर्धा टक्का मिळेलच अशी हमी मी देत नाही, आणि खातं ‘क्लोज्ड’ झालं म्हणून स्कोर दुसऱ्या दिवशी उडी मारत नाही. मागच्या उशिराच्या चौकटी तशाच राहतात. पण कर्ज मंजूर करणाऱ्यासमोर ‘वाईट काळ होता, सावरल्यावर उरलेलेही भरले’ असा कागद ठेवता येतो, आणि मंजुरी-नामंजुरीच्या काठावर त्या कागदाचं वजन असतं. कर्जासाठी किमान इतका स्कोर हवाच, असा आकडा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला नाही. तो निर्णय प्रत्येक बँकेचा, त्यामुळे एकीने नाही म्हटलं तर दुसरी हो म्हणू शकते. फक्त एका वेळी एकाच ठिकाणी अर्ज करा.

दुसरी शक्यता अशी की रिपोर्टमध्ये नोंदच चुकलेली असेल. सेटलमेंटनंतरही थकबाकी दिसते आहे, दुसऱ्याच कुणाचं कर्ज मिस्टरांच्या पॅनवर आहे, फेडलेलं मोबाइलच्या ईएमआयचं कर्ज अजून चालू दिसतंय, असले प्रकार खूप असतात. तेव्हा मात्र तक्रार जरूर करा, कंपनीकडे आणि बँकेकडे दोन्हीकडे. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३मध्ये काढला आणि एप्रिल २०२४पासून तो लागू आहे. त्या तीस दिवसांतले एकवीस बँकेचे. बँकेने तेवढ्यात सुधारित माहिती कळवली नाही तर भरपाई बँक देणार, बँकेने वेळेत कळवूनही कंपनीने उशीर केला तर कंपनी. म्हणून तक्रारीचा नंबर आणि तारीख वहीत लिहून ठेवा. त्यानंतरही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. २०२२पासून या चार कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

आता तुमच्या बाजूचं. दिरांच्या रिक्षाचं कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये जामीनदार म्हणून दिसेल. त्यांचे हप्ते वेळेवर असतील तर चिंता नाही, पण एखादा चुकलेला असेल तर तो डाग तुमच्याही रिपोर्टवर दिसतो. नात्यात हे विचारणं अवघड असतं, मला कळतं. रिपोर्ट काढला की विचारावं न लागता कळेल. हप्ते चुकलेले दिसले तर दिरांशी आणि जावेशी आत्ताच बोला, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात नको.

पतपेढीच्या कर्जाबद्दल थोडी निराश करणारी गोष्ट सांगावी लागतेय. बँका, सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्या चारही ठिकाणी माहिती देतात. पतपेढ्या आणि पतसंस्था बहुतेक वेळा देत नाहीत. त्यामुळे तुमचं ते न चुकलेलं कर्ज रिपोर्टमध्ये बहुधा दिसणारच नाही. गिरण्यांपासून बीएमसीपर्यंत या शहरातल्या किती घरांनी पतपेढीवर लग्नं आणि आजारपणं निभावली, आणि ती सगळी सचोटी या रिपोर्टला ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही एक करा: पतपेढीकडून कर्जफेडीचा उतारा आणि बेबाकीचा दाखला घ्या आणि गृहकर्जाच्या फाइलला जोडा. स्कोर वाढणार नाही, पण अधिकारी तो वाचू शकतो.

बाराशेच्या सब्स्क्रिप्शनबद्दल माझं मत असं. मिस्टरांचे चारही फुकट रिपोर्ट याच आठवड्यात काढा, कारण ‘सेटल्ड’ची नोंद चौघींकडे कशी आहे हे बघायचंय. तुमचे चार एकदम खर्च करू नका. आत्ता सिबिलचा काढा आणि बाकीचे पुढच्या दोन महिन्यांत. कार्डाचे पैसे भरून झाले की नोंद बदलायला पूर्वीइतका वेळ लागत नाही, कारण जानेवारी २०२५पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते. बदल झाला का ते बँकेच्या अ‍ॅपवर दिसलं तर उत्तम. तिथे नुसताच आकडा दिसत असेल आणि पूर्ण रिपोर्ट पुन्हा बघायची वेळ आलीच, तर तेव्हा एका वेळेपुरते पैसे भरा आणि प्लॅन आपोआप पुढे चालू राहणार नाही हे तपासा. संसदेत २०२५मध्ये सरकारने दिलेल्या उत्तरानुसार रिपोर्टसाठी कंपनी जास्तीत जास्त शंभर रुपये आकारू शकते. वेबसाइटवरचे महाग प्लॅन असतात ते इतर सोयी जोडून. तुमच्यासारख्या नोकरदार जोडप्याला वर्षभर त्या सोयींचा उपयोग नाही.

जाता जाता एक, कारण विषय निघालाच आहे. फ्लॅट फक्त तुमच्या नावावर घेतला तर महाराष्ट्रात महिलेला घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ४० लाखांच्या घरावर ४० हजार वाचतात. मिस्टर मालक न होता नुसते सहकर्जदार राहू शकतात, मात्र मग त्यांना त्या कर्जावरची आयकर सवलत मिळत नाही. दोघं बसून ठरवा.

दसऱ्याला अजून तीन महिने आहेत आणि हे सगळं त्यात बसतं. फक्त मुहूर्ताच्या घाईत बिल्डरला टोकन आधी आणि रिपोर्ट नंतर असं करू नका. टोकन द्याल तेव्हा पावतीवर ‘गृहकर्ज नामंजूर झाल्यास पूर्ण रक्कम परत’ असं लिहून सही-शिक्का घ्या. प्रकल्पाचा महारेरा नंबर, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक, महारेराच्या वेबसाइटवर तपासा. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त मागू लागला तर देऊ नका, कायद्याने त्याला ते घेता येत नाहीत.